गुरांच्या पोटातील सूक्ष्म जंतू व सकस पेंढा

भाताच्या पेंढ्यात प्रथिन अत्यल्प असते. तथापि त्यावर जनावर तगते, याचे कारण त्याच्या कोठीपोटात नांदणारे अगणित सूक्ष्म जंतू होत. हे जंतू नत्रापासून आपले शरीर घडवितात व पुढे तेच पचून जनावरास प्रथिनरूपाने मिळतात. सबब जंतूंस नत्र पुरविणे म्हणजेच गुरांस पोसणे होय.

१०० किलो वाळल्या पेंढ्यास ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपावा. थर तुडवून गंजी हवाबंद झाकावी व २१ दिवसांनी उघडावी. चारा पसरून उग्र वास उडाल्यावरच घालावा. लहान वासरांस देऊ नये.

आम्ही बंधूंस बजावितो की, युरियाचे पाणी गुरांपासून दूर ठेवावे. ते प्याल्यास जंतूंस न पेलणारा अमोनिया रक्तात भिनून जनावर घटकाभरात दगावते.