अल्पसंख्याक व आदिवासी धोरणाचा पदव्युत्तर अभ्यास: वाटा, खर्च आणि नोकऱ्या

अल्पसंख्याक व आदिवासी धोरण हा विषय समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, कायदा आणि लोकप्रशासन या चारही शास्त्रांतून आकाराला आला आहे. संख्येने कमी असलेल्या किंवा इतिहासात मागे पडलेल्या समूहांना कोणते हक्क द्यायचे, ते कोणत्या पुराव्यावर द्यायचे आणि दिलेले हक्क खरोखर पोहोचले का हे कसे तपासायचे, हे त्याचे मूळ प्रश्न आहेत. भारतात या एकाच नावाची पदवी क्वचितच आढळते. सामाजिक वगळणूक व समावेशक धोरण, आदिवासी अध्ययन, दलित व आदिवासी अभ्यास, मानवी हक्क, सार्वजनिक धोरण अशा वेगवेगळ्या नावांखाली तो शिकवला जातो. त्यामुळे प्रवेश घेताना पदवीच्या नावापेक्षा अभ्यासक्रमाचा मजकूर आणि पुढील पात्रतेचे नियम पाहणे जास्त महत्त्वाचे ठरते.

विषयाची व्याप्ती

भारतीय राज्यघटना आणि कायदे यांनी समूहांच्या वेगवेगळ्या चौकटी केल्या आहेत. धार्मिक अल्पसंख्याकांची चौकट १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्यावर उभी आहे. त्याखाली १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व पारशी हे समाज अधिसूचित झाले आणि २०१४ मध्ये जैन समाजाची भर पडली. भाषिक अल्पसंख्याकांसाठी अनुच्छेद २९ व ३० यांच्या जोडीला, राज्यपुनर्रचनेच्या वेळी १९५६ मध्ये आलेले ३५०-अ व ३५०-ब हे अनुच्छेद आहेत. अनुसूचित जमातींसाठी अनुच्छेद ३४२, पाचवी व सहावी अनुसूची, अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा आहे. अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग आणि भटके-विमुक्त यांचे नियम आणखी वेगळे आहेत. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण त्याने लावलेला शिक्का पुसण्यासाठी काय करावे, यावर रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि नंतर इदाते आयोगाने अहवाल दिले.

अल्पसंख्याक कोण, हे ठरवण्याचे एकक कोणते असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे टी. एम. ए. पै खटल्यात आला. २००२ च्या निकालाने ते एकक राज्य असल्याचे ठरले. त्यामुळे बेळगाव भागातील मराठी भाषक कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक आहेत, तर मुंबईतील गुजराती किंवा सिंधी न्यासांची महाविद्यालये महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्याक संस्था ठरतात. अकरावीच्या प्रवेशात पालकांना भेटणारा अल्पसंख्याक कोटा याच व्यवस्थेतून येतो.

प्रत्यक्षात काय शिकावे लागते

चांगल्या अभ्यासक्रमात चार धागे असतात. पहिला कायद्याचा: घटनेतील तरतुदी, आयोगांचे अधिकार आणि महत्त्वाचे निकाल. दुसरा समाजशास्त्र व मानववंशशास्त्राचा: जात, जमात, धर्म, स्थलांतर आणि ओळख यांचे सिद्धांत व क्षेत्रकार्य. तिसरा आकडेवारीचा: जनगणना, नमुना पाहणी, निर्देशांक आणि त्यांच्या मर्यादा. चौथा प्रशासनाचा: योजना, अंदाजपत्रक आणि अंमलबजावणी.

हे चारही धागे महाराष्ट्राच्या कारभारात रोज वापरात येतात. जात वैधतेचे उदाहरण घेता येईल. माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यातून दक्षता पथक, संशोधन अधिकारी आणि आप्तभाव चाचणी यांना महत्त्व आले. अर्जदाराच्या देवदेवता, लग्नविधी, नात्यागोत्याचे शब्द यांवरून तो जमातीचा आहे का, याची चौकशी या चाचणीत होते. ती एकमेव कसोटी मानता येणार नाही, हे न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. मानववंशशास्त्रातला एक वाद इथे थेट एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाशी जोडला जातो.

आकडेवारीचे महत्त्व इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणात दिसले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तिहेरी चाचणी आवश्यक ठरवली: मागासलेपणाच्या चौकशीसाठी आयोग, त्याच्या माहितीनुसार प्रमाण आणि एकूण आरक्षणाची मर्यादा. त्यानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांतील मागासलेपणाची माहिती गोळा करण्याचे काम बांठिया आयोगाकडे आले आणि ‘इम्पिरिकल डेटा’ हा शब्द गावोगावी पोहोचला. येत्या जनगणनेत जातनिहाय नोंद होणार असून तिचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. ती माहिती हाती आल्यावर तिचे नीट विश्लेषण करू शकणाऱ्यांची गरज वाढेल.

अंदाजपत्रक वाचता येणेही तितकेच उपयोगी पडते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे ९.४ टक्क्यांच्या आसपास आहे. आदिवासी उपयोजनेचा निधी या प्रमाणाशी जोडलेला असतो आणि त्यातील ५ टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळण्याची तरतूद राज्याने केली आहे. हा पैसा ग्रामसभेच्या ठरावानुसार खर्च झाला का, हे शोधण्यासाठी ठरावाची वही, बँक पुस्तक आणि शासन निर्णय तिन्ही वाचावे लागतात.

या विषयाला पदव्युत्तर पातळीवर जुनी मराठी परंपरा आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला; पुढे १९४७ मध्ये त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली.

देशात कुठे शिकता येते

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्याचे शिक्षण देते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात तिने दलित व आदिवासी अभ्यासाची विशेष शाखा विकसित केली. तुळजापूर आणि गुवाहाटी येथेही तिची केंद्रे आहेत. मध्य प्रदेशात अमरकंटक येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आदिवासी अध्ययनासाठीच स्थापन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून २००७ नंतर अनेक विद्यापीठांत सामाजिक वगळणूक व समावेशक धोरणाची केंद्रे सुरू झाली. हैदराबाद विद्यापीठ आणि दिल्लीचे जामिया मिलिया इस्लामिया ही त्यांतील परिचित नावे. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी मिळते. केंद्रीय विद्यापीठांतील बहुतेक प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात आणि टाटा संस्थाही हीच परीक्षा वापरते. विशेष शाखा आणि जागा वर्षागणिक बदलत असल्याने त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक असते.

मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील विद्यापीठात समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा मानववंशशास्त्राची नियमित एम.ए. पदवी घेऊन प्रबंधासाठी हा विषय निवडण्याचा मार्गही भक्कम आहे. सहायक प्राध्यापकपदांच्या जाहिराती बहुतेक वेळा मूळ विषयाच्या नावाने निघतात आणि नेट परीक्षाही ठरलेल्या विषयांतच देता येते. आंतरशाखीय पदवी कोणत्या विषयाशी समकक्ष धरली जाईल, याबाबत ऐन मुलाखतीच्या वेळी वाद उभा राहू शकतो. अध्यापनाचा विचार असलेल्याने हा मुद्दा प्रवेशापूर्वीच विद्यापीठाकडून लेखी स्पष्ट करून घ्यावा.

परदेशातील पर्याय

परदेशात विषयाचा रोख प्रदेशानुसार बदलतो. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या संपानंतर सॅन फ्रान्सिस्को आणि बर्कली येथे १९६९ मध्ये वांशिक अध्ययनाचे विभाग उभे राहिले. तिथे भर कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिनो व आशियाई समूहांच्या इतिहासावर असतो. मध्य व पूर्व युरोपात सरहद्दी बदलल्याने शेजारच्या देशात राहिलेले भाषिक समूह आणि रोमा समाज हे मुख्य विषय आहेत. युरोप परिषदेचा राष्ट्रीय अल्पसंख्याक संरक्षणाचा करार १९९८ मध्ये लागू झाला आणि हेग येथे राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठी उच्चायुक्तांचे कार्यालय आहे. सेंट्रल युरोपियन विद्यापीठाचा राष्ट्रवाद अध्ययन हा अभ्यासक्रम या परंपरेतला. हे विद्यापीठ बुडापेस्टहून व्हिएन्नाला गेले आहे. सीमाभागातील मराठी भाषकांच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्याला युरोपातील ही तुलना विशेष उपयोगी पडते. भारतीय कायदा व प्रशासनात काम करायचे असल्यास मात्र देशातील पदवी आधी आणि परदेशी पदवी नंतर, हा क्रम सोयीचा ठरतो.

खर्च व शिष्यवृत्ती

राज्य विद्यापीठांतील एम.ए.चे शुल्क तुलनेने कमी असते. टाटा संस्था व विधी विद्यापीठांचे शुल्क, वसतिगृह आणि क्षेत्रकार्याचा प्रवास धरून खर्च बराच वाढतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. संशोधनासाठी नेट-जेआरएफ हा सर्वांना खुला मार्ग असून २०२३ पासून त्याची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटातील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये बंद केली, त्यामुळे तिच्या भरवशावर नियोजन करता येत नाही.

परदेशी शिष्यवृत्तीत एक अट या विषयाच्या विद्यार्थ्यांना थेट अडवते. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ मधील नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र योजना आहे. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अर्जापूर्वी चालू वर्षाचा शासन निर्णय पाहणे हाच यातला सुरक्षित मार्ग आहे.

नोकऱ्यांचे मार्ग

सरकारी सेवा हा पहिला मार्ग. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र हे वैकल्पिक विषय आहेत, तर सामान्य अध्ययनात दुर्बल घटकांसाठीच्या योजना येतात. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. समाजकल्याण व आदिवासी विकास या खात्यांतील पदांसाठी पात्रता पदानुसार वेगळी असते. स्पर्धा परीक्षेत यश मिळण्याची खात्री नसल्याने या मार्गाला पर्यायी कौशल्याची जोड हवी.

दुसरा मार्ग क्षेत्रकार्याचा. वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा या गडचिरोलीतील गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर विदर्भात असे दावे तयार करणे, नकाशे काढणे आणि ग्रामसभांना वन व्यवस्थापनात साहाय्य करणे, हे एक नियमित कामच बनले. जिल्ह्यांत पेसा समन्वयक नेमले जातात. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचा पगार बेताचा आणि करार प्रकल्पापुरता असतो. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांना २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. त्याचा परिणाम पदांवर होतो. नोकरी स्वीकारण्यापूर्वी संस्थेचा निधी कुठून व किती वर्षांसाठी येतो, हे विचारणे रास्त आहे.

तिसरा मार्ग सल्लागार संस्था व कंपन्यांचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांच्या मूल्यांकनाची पद्धत आणली, जरी राज्यांनी काही प्रकल्पांना तिच्यातून सूट दिली असली. जागतिक बँकेच्या निकषांतही मूलनिवासी समूहांसाठी स्वतंत्र मानक आहे. धरण, महामार्ग किंवा खाण प्रकल्पात पुनर्वसनाचा आराखडा करणाऱ्या तज्ज्ञाला या तरतुदींचे ज्ञान लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व विभागांतही कार्यक्रमांचे मूल्यमापन करणारी पदे असतात.

चौथा मार्ग अध्यापन व संशोधनाचा. पीएच.डी. ला पाच-सहा वर्षे सहज लागतात आणि महाविद्यालयांत सुरुवात अनेकदा तासिका तत्त्वावर होते. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, राज्य मागासवर्ग आयोग, न्यायालयीन संशोधन आणि पत्रकारिता या ठिकाणी विषयाच्या जाणकारांना काम मिळते, पण जागा मोजक्या असतात.

पात्रता, तयारी आणि निवड

प्रवेशासाठी विद्यार्थी त्या समूहातलाच असावा, अशी अट नसते. पदवी बी.ए. असो वा बी.एस्सी., अभियांत्रिकी वा कायदा, बहुतेक ठिकाणी चालते. वाचनाची सवय, आकड्यांची भीती नसणे आणि गावात राहून लोकांचे ऐकण्याची तयारी, हे खरे निकष आहेत. ज्याला फक्त मते मांडायची आहेत त्याला दुसऱ्या सत्रात क्षेत्रकार्य सुरू झाल्यावर अडचण येते.

तयारीत तीन गोष्टींना अग्रक्रम असावा. पहिली, एक मोजता येण्याजोगे कौशल्य: संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर, उपग्रह नकाशे किंवा अंदाजपत्रक विश्लेषण. दुसरी, एक भाषा वा लिपी: गोंडी, कोरकू, भिली, उर्दू किंवा मोडी. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुनी दप्तरे वाचू शकणाऱ्या मोडी जाणकारांची मागणी अचानक वाढली. तिसरी, मूळ अहवाल वाचण्याची सवय: मुस्लिम समाजाच्या स्थितीवरील सच्चर समितीचा २००६ चा आणि आदिवासींच्या स्थितीवरील खाखा समितीचा २०१४ चा अहवाल प्रवेशापूर्वीच चाळलेला असल्यास मुलाखतीत आणि पहिल्या सत्रात फायदा होतो.

पालकांनी निर्णयापूर्वी विद्यापीठाकडून चार उत्तरे मिळवावीत: पदवी नेटच्या कोणत्या विषयाला चालते, क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे व कुणाच्या देखरेखीखाली असते, मागील तुकड्या कुठे कामाला लागल्या आणि वसतिगृहासह पूर्ण खर्च किती. विद्यार्थ्याने पदवीच्या शेवटच्या वर्षात एखाद्या आश्रमशाळेत, वनहक्क समितीसोबत किंवा शहरातील अल्पसंख्याक वस्तीत काही आठवडे काम करून पाहावे. या अनुभवानंतरही विषयाची ओढ टिकली, मूळ शाखा पक्की असली आणि एक कौशल्य हाती असले, तर हा पदव्युत्तर अभ्यास निवडण्यास हरकत नाही. या तीनपैकी काही कमी असेल, तर आधी नियमित एम.ए. किंवा विधी पदवी घेऊन विशेष अभ्यास पुढच्या टप्प्यावर ठेवणे श्रेयस्कर.