केबिन नसलेला उतारू

वैनगंगा ओलांडण्यासाठी डोंग्यात पाऊल टाकले की नावाडी पहिली सूचना देतो ती ही : "मधोमध बसा, आणि मध्येच उठू नका." बालाघाटच्या विद्यार्थ्याला समुद्र दूरचा वाटतो. पण हीच वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्याच उपसागरातून अंदमानला जाणाऱ्या बोटीवर जो उतारू केबिनशिवाय दोन-तीन दिवस काढतो, त्याच्या सुरक्षिततेचे मूळ नावाड्याच्या या सूचनेतच आहे. ती सूचना खरी का, ती मोडल्याने काय झाले आणि कायद्याने तिची दखल कशी घेतली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. हा उतारू कोण?

आगबोटीवर उतारूंचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एकाला चार भिंतींची खोली मिळते; तोच केबिनचा उतारू. दुसऱ्याला मिळते ती फक्त जागा. पूर्वी ही जागा म्हणजे उघडा किंवा झाकलेला डेक असे. उतारूने आपली चटई पसरायची, उशाशी ट्रंक ठेवायची आणि घरचा डबा सोडायचा. मुंबईहून निघून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाणाऱ्या बोटीवर कोकणातील कितीतरी पिढ्यांनी असा प्रवास केला. जेथे बोटीला धक्क्याशी लागता येत नसे, तेथे पडावातून किनारा गाठावा लागे. ज्याची चटई आधी पसरली त्याची जागा, हा तेथला अलिखित कायदा. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही.

कोकणचा प्रवास एका रात्रीचा. याहून फार लांबचा प्रवास मुंबईहून जिद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंचा होता. एका वाटेला सुमारे आठवडा लागे आणि बहुसंख्य यात्रेकरू डेकवरच असत. समुद्रमार्गाने हजला जाण्याची ही पद्धत १९९५ मध्ये बंद झाली.

२. चालता भार

केबिनच्या उतारूचे वजन बोटीच्या दृष्टीने बहुतांशी एका जागी ठरलेले असते. डेकवरचा जमाव हा मात्र चालता भार आहे. ऊन आले की तो सावलीकडे सरकतो, पाऊस आला की आडोशाला जातो, किनारा दिसला की एका कठड्याशी गोळा होतो.

याचा परिणाम गणिताने पाहू. एका लहान बोटीवर ५०० उतारू आहेत आणि प्रत्येकाचे वजन सरासरी ६० किलो आहे असे समजा. एकूण भार ३० टन झाला. हे सगळे मध्यावरून एका बाजूला ५ मीटर सरकले तर कलवणारा जोर ३० गुणिले ५, म्हणजे १५० टन-मीटर होतो. बोट कलू लागली की कललेल्या बाजूचे पाणी तिला उलट वर ढकलते आणि सरळ करू पाहते. ही सरळ होण्याची ताकद बोटीच्या एकूण वजनावर आणि 'मेटासेंट्रिक उंची' नावाच्या मापावर अवलंबून असते. बोटीचे वजन ६०० टन आणि ही उंची ०.६ मीटर धरली तर दोहोंचा गुणाकार ३६० येतो. १५० भागिले ३६० म्हणजे ०.४२, हा कलाच्या कोनाचा टॅन्जंट होय. कोन निघतो सुमारे २३ अंश. एवढ्या कलात डेकवर माणसाला उभे राहणे कठीण होते. तो आपोआप खालच्या बाजूला घसरतो आणि कल आणखी वाढवतो.

आता १०,००० टनांची मोठी बोट घ्या. तिची मेटासेंट्रिक उंची १ मीटर धरा आणि १,००० उतारू ८ मीटर सरकले असे माना. जोर ४८० टन-मीटर, भागिले १०,०००. कोन तीन अंशांहूनही कमी. तात्पर्य, गर्दी दुप्पट असूनही मोठी बोट जेमतेम हलते आणि लहान बोट जिवावर बेतेल इतकी कलते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसे खालच्या मजल्यावरून वरच्या डेकवर गेली की बोटीचा गुरुत्वमध्य वर चढतो, मेटासेंट्रिक उंची घटते आणि तीच बोट अधिक कच्ची होते. डोंग्यात उभे राहू न देणारा नावाडी हेच जाणतो. एका माणसाने सरकणे आणि पाचशेंनी सरकणे यांत तत्त्वाचा फरक नाही.

हे गणित कागदावरचे नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर तासा-दीड तासाचे. समुद्र खवळलेला होता. वाटेत मोठी लाट आदळून बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. लाट आवरणे कोणाच्या हाती नव्हते. पण डेकवर किती माणसे घ्यायची आणि त्यांना कोठे बसवायचे, हे माणसाच्या हातचे होते.

३. कायद्याने मोजलेली जागा

डेकवरच्या उतारूंसाठी आपल्याकडे १८८७ साली स्वतंत्र कायदा झाला होता. हिंदी महासागरातील अशा वाहतुकीसाठी १९३१ मध्ये सिमल्याला नियम ठरले. ते 'सिमला नियम' म्हणून ओळखले जातात. पुढे १९४८ आणि १९६० च्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारांमुळे हे नियम जुने पडले. तेव्हा १९७१ मध्ये लंडन येथे अशा बोटींसाठी खास करार झाला आणि १९७३ मध्ये उतारूंना द्यावयाच्या जागेविषयी त्याला पुरवणी जोडण्यात आली. हज यात्रेची वाहतूक हे या करारामागचे एक मुख्य कारण होते.

भारताच्या १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यात दुरुस्ती होऊन या उतारूची व्याख्याही आली. आठांहून अधिक माणसे ज्या एका जागेत ठेवली जातात, तेथला उतारू तो हा उतारू. व्याख्या रुक्ष आहे, पण तिच्यामागचा विचार मोलाचा आहे. जागा मोजली म्हणजे माणसांची संख्या ठरते. संख्या ठरली म्हणजे भार ठरतो, आणि जीवरक्षक जाकिटे किती लागतील, हवा किती लागेल, शौचकूप किती लागतील हेही ठरते. डेकवरच्या माणसाला चौरस मीटरमध्ये मोजणे हा त्याचा अपमान नव्हे. तेच त्याचे संरक्षण आहे.

४. आजचा प्रवास

आज असा प्रवास करावयाचा तर तो अंदमानचा. कोलकाता, चेन्नई आणि विशाखापट्टणम् येथून पोर्ट ब्लेअरकडे बोटी जातात; २०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम् आहे. मराठी माणसाला ही वाट वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी तेथे पोचले ते 'महाराजा' बोटीच्या तळाशी, कैद्यांच्या गर्दीत कोंडलेले. बोटीच्या पोटात हवा आणि जागा नसणे म्हणजे काय, हे त्यांच्या 'माझी जन्मठेप' या ग्रंथात वाचावयास मिळते.

बालाघाटहून गोंदिया गाठले की हावड्याची गाडी सरळ मिळते, आणि रायपूरमार्गे विशाखापट्टणम्‌लाही जाता येते. विशाखापट्टणम् ते पोर्ट ब्लेअर हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. बोट ताशी १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर वेगाने गेली तर ५४-५५ तास लागतात. सर्वांत स्वस्त वर्गाला 'बंक' म्हणतात. बोटीच्या खालच्या भागातील मोठ्या दालनात एकावर एक फळ्या असतात, एका फळीवर एक माणूस. स्नानगृह सामाईक, जेवण बोटीच्या भोजनालयात.

बोट लागणे ही येथली मुख्य अडचण. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत. डोळ्यांपुढची भिंत मात्र स्थिर दिसते. या विसंगतीने मळमळ सुरू होते. उपाय असा की डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. दगडावर आडवी फळी ठेवून दोन्ही टोकांना मुले झुलली तर मधला भाग जवळजवळ स्थिर राहतो. बोटीचेही तसेच, म्हणून निवड करता आली तर मध्यभागातील खालची जागा घ्यावी. स्वस्तातला बंक या बाबतीत वरच्या केबिनीपेक्षा उजवा ठरतो. पोट रिकामे ठेवू नये आणि तडस लागेपर्यंत भरूही नये.

५. निघण्यापूर्वी

ऋतू पाहूनच निघावे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे उपसागरातील वादळांचे महिने. जानेवारी ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात शांत. बोटीचे वेळापत्रक वरचेवर बदलते, म्हणून परतीच्या गाडीत दोन-तीन दिवसांची सवड ठेवावी. चादर, तांब्या, कुलपाची साखळी, बॅटरी आणि चिवड्यासारखा टिकाऊ खाऊ बरोबर असावा.

बोटीवर पाऊल ठेवल्यावर मात्र सामान लावण्याआधी एक काम करावे. आपले जीवरक्षक जाकीट कोठे आहे आणि संकटकाळी जमण्याची जागा कोणती, हे विचारून घ्यावे. बंकपासून तेथपर्यंत दोनदा चालून जावे, पायऱ्या मोजाव्यात, म्हणजे अंधारातही वाट सापडेल. आणि भोंगा झाला, खलाशी सूचना देऊ लागले, तर सगळे ज्या कठड्याकडे धावतात तिकडे धावू नये. सांगितलेल्या जागी शांतपणे उभे राहावे. डोंग्यातला नावाडी एवढेच सांगत असतो.