जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी

पावसाळा लागला की खासबाग, वडगाव, शहापूर या वीणकरांच्या दाट वस्तीत मुलांची पोटे बिघडू लागतात. अशा वेळी कित्येक घरांत मुलाचे पाणीच तोडतात. म्हणे, पाण्याने जुलाब वाढतात! ही समजूत घातक होय. मूल दगावते ते अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे.

गृहिणींनी हे प्रमाण पाठच करावे. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा शिगोशीग भरू नये. अधिक मीठ लहान मुलास अपायकारक असते. साखर केवळ चवीसाठी नव्हे; तिच्या संगतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते. दर जुलाबामागे हे पाणी चमच्या-चमच्याने पाजावे. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. उरलेले पाणी २४ तासांनी ओतून टाकावे.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजले. मृत्यू शेकडा चाराच्या आत राहिले.

मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर काढे उकळीत न बसता दवाखाना गाठावा. ओआरएसची तयार पुडी मिळाल्यास तीच अधिक चांगली. सोबत जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून द्याव्यात.