वारसा आणि बदल : पीएचपीतील ओव्हररायडिंगची ओळख

नागरिकाच्या हाती छापील देयक पडते, तेव्हा त्यातील आकडा कोणत्या आज्ञेने निघाला हे त्यास दिसत नाही. पुष्कळ संकेतस्थळांच्या मागे अशा आज्ञा पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेल्या असतात. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली ही भाषा लोकांपुढे ठेवली. जुलै २००४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत वर्ग व वारसा यांची व्यवस्था पक्की झाली. या व्यवस्थेतील ओव्हररायडिंग, म्हणजे वारशाने आलेली कृती बदलून लिहिणे, हा भाग नवशिक्याने विशेष लक्षपूर्वक शिकावा असा आहे.

समजा, एका ग्रामपंचायतीसाठी ‘नळजोडणी’ नावाचा वर्ग लिहिला. वर्गातील कृतीला मेथड म्हणतात. या वर्गात ‘पाणीपट्टी’ ही मेथड दरमहा १०० रुपये हा आकार सांगते आणि ‘पावती’ ही मेथड तो आकार विचारून पावती तयार करते. पुढे शाळांना निम्मा दर लावण्याचे ठरले. अशा वेळी सर्व आज्ञा पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. ‘शाळाजोडणी’ हा नवा वर्ग एक्स्टेंड्स या शब्दाने मूळ वर्गाला जोडला की दोन्ही मेथड त्यास आपोआप मिळतात. नव्या वर्गात फक्त ‘पाणीपट्टी’ त्याच नावाने पुन्हा लिहावयाची.

खरी गंमत यापुढे आहे. ‘पावती’ मूळ वर्गातच राहिली. परंतु शाळेच्या जोडणीची पावती काढताना ती धिस या शब्दाद्वारे ‘पाणीपट्टी’ विचारते, तेव्हा उत्तर शाळेच्या वर्गाकडून येते. वडिलांनी घालून दिलेली रीत मुलाचा दर वापरते, असे म्हणता येईल. मात्र मूळ वर्गातील ‘पाणीपट्टी’ प्रायव्हेट ठेवलेली असेल, तर वडिलांची पावती वडिलांचाच दर घेते आणि शाळेला १०० रुपयांचे देयक जाते. म्हणून बदलावयाची मेथड निदान प्रोटेक्टेड असावी.

नव्या मेथडमध्ये ५० हा आकडा सरळ लिहिणे सोपे, पण अदूरदर्शी होय. पॅरेंट हा शब्द व त्यापुढे दोन अपूर्णविराम लिहून मूळ ‘पाणीपट्टी’ला विचारावे आणि आलेल्या उत्तराचे निम्मे करावे. उद्या मूळ दर १२० झाला, तर शाळेचा आपोआप ६० होईल.

सर्वांत फसवी चूक नावाची. पीएचपीत नावे देवनागरीतही चालतात. तेव्हा नव्या वर्गात कोणी ऱ्हस्व-दीर्घाच्या गफलतीने ‘पाणिपट्टी’ लिहिले, तर संगणक ती निराळी मेथड समजतो. तक्रार कोठेच उमटत नाही आणि जुनाच दर चालू राहतो. शुद्धलेखनाचा असा रोख दंड अन्यत्र क्वचितच होत असेल! नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीत यावर उपाय मिळाला. मेथडच्या डोक्यावर ओव्हरराइड ही खूण लिहिली आणि वरच्या वर्गात त्या नावाची मेथड नसली, तर आज्ञावली तेथेच थांबते.

नावाबरोबर मेथडला द्यावयाची माहितीही जुळावी लागते. मूळ मेथड केवळ महिना विचारीत असेल, तर नवी मेथड आणखी एखादी बाब सक्तीने मागू शकत नाही. ऐच्छिक म्हणून मागू शकते. २०२० साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून हा नियम मोडल्यास आज्ञावली चालतच नाही. वस्तू घडविणारी कन्स्ट्रक्टर ही मेथड सामान्यतः या बंधनातून मुक्त आहे. तथापि मुलाने स्वतःची कन्स्ट्रक्टर लिहिली, तर वडिलांची आपोआप चालत नाही. तिला पॅरेंटद्वारे बोलवावे लागते.

काही गोष्टी बदलू न देणेच इष्ट असते. पावतीचा अनुक्रमांक देणारी मेथड फायनल केली, तर कोणताही वंशज तिला हात लावू शकत नाही. पीएचपीच्या स्वतःच्या एक्सेप्शन या वर्गातही चुकीचा संदेश सांगणारी गेटमेसेज ही मेथड अशीच बंद केलेली आहे.

अभ्यासासाठी घरगुती एक व शाळेची एक, अशा दोन जोडण्या घडवून दोहोंच्या पावत्या काढून पाहाव्यात. १०० आणि ५० हे आकडे आले नाहीत, तर प्रथम मेथडच्या नावाचे अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि नंतर मूळ वर्गात प्रायव्हेट हा शब्द राहिला आहे काय, ते तपासावे.