पोटाच्या ऑपरेशननंतर चहा बंद, मग रात्रीची जागल कशी करायची?



मागच्या काही महिन्यांत एकच प्रश्न आमच्याकडं दोन घरांतून आला. एका घरचे भाऊ तलावावर जागलीला जातात. दुसऱ्या घरच्या ताई बोरगावच्या कारखान्यात रात्रपाळी करतात. दोघांचंही वजन कमी करायचं ऑपरेशन झालं आहे, दोघांनाही डॉक्टरांनी चहा बंद सांगितला आहे, आणि दोघंही म्हणतात की रात्री दोननंतर डोळे उघडे राहत नाहीत. नावं सांगत नाही, त्याची गरजही नाही. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. डोंग्यात दुसराही माणूस असतो, आणि पाण्यावर लागलेली डुलकी खाटेवरच्या डुलकीसारखी नसते. म्हणून डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजलं ते इथं मांडतो.

आधी ऑपरेशनबद्दल थोडं. हे काही फक्त सिनेमावाल्यांचं राहिलेलं नाही. आपल्या शेजारच्या नागपूरचे नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये करून घेतलं, तेव्हापासून आपल्या भागातही लोक उघडपणे बोलायला लागले. मुख्य प्रकार दोन. एकात जठराचा तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. दुसऱ्यात वर एक लहानशी पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, याला बायपास म्हणतात. दोन्हीत माणूस थोडंच खाऊ शकतो. आणि खाल्लेल्यातलं लोह, बी-12 अंगाला पूर्वीसारखं लागत नाही, बायपासमध्ये तर जास्तच. ही गोष्ट लक्षात ठेवा, झोपेचं मूळ पुष्कळदा तिथंच असतं.

चहा काहून बंद करतात? ताज्या टाक्यांवर चहा-कॉफीनं आम्ल वाढतं, जळजळ होते. बायपासवाल्याला जोडाच्या जागी अल्सर व्हायची भीती असते. चहातला तुरट अंश जेवणातलं आणि गोळीतलं लोह अंगाला लागू देत नाही. शिवाय आपला चहा म्हणजे अर्धा साखरेचा पाक! बरेच डॉक्टर पहिला महिना ते तीन महिने बंद ठेवतात, नंतर कोणाला थोडा सुरू करू देतात, कोणाला देत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं तेच धरा, शेजाऱ्याचं नको. आणि ग्रीन टी, कोला, ताकदीच्या नावानं विकतात ते डबे, या सगळ्यांत कॅफीन असतंच. कोला आणि डब्यात वरून गॅसही असतो, तो लहान झालेल्या पोटाला सोसत नाही.

चहा नेमकं करतो काय, तेही समजून घेऊ. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत झोप आणणारा एक पदार्थ साठत जातो. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. पदार्थ साठतच असतो, फक्त आपल्याला कळत नाही. म्हणजे झोप जात नाही, पुढं ढकलली जाते. आणि कॅफीनचा अर्धा भाग अंगातून जायलाच पाच-एक तास लागतात. पहाटे तीनला घेतलेला चहा सकाळी आठला अंथरुणावरही जागा असतो. मग दिवसाची झोप अर्धवट, दुसऱ्या रात्री आणखी चहा. चहा सुटला तर हा फेरा तुटायची संधी आहे, असं आम्हाला वाटतं.

सोडल्यावर पहिले काही दिवस, कोणाला आठवडाभर, डोकं दुखतं आणि सुस्ती येते. ते ओसरतं. या दिवसांत एक चूक जीवावर येऊ शकते. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून कोणतीही गोळी आणू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलेल्या गोळ्या या ऑपरेशननंतर, खास करून बायपासनंतर, अल्सर करतात. काही डोकेदुखीच्या गोळ्यांत तर कॅफीनच असतं, सॅरिडॉनमध्ये आहे. कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती चिठ्ठी पाकिटात ठेवा.

आता ज्याची झोप हटत नाही त्यानं चहाची आठवण काढण्याआधी खालच्या गोष्टी तपासाव्या.

सगळ्यात आधी पाणी. अंगात पाणी कमी पडलं की डोकं जड होतं, सुस्ती येते. पोट लहान, त्यामुळं एका दमात तांब्या रिकामा करता येत नाही. दिवसाला दीड लिटर तरी घोट-घोट करून जायला पाहिजे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं. जागलीला जाताना एक लिटरची बाटली सोबत ठेवा आणि पहाटेपर्यंत ती संपली पाहिजे असा नेम करा. कोमट पाणी, जिरं टाकून उकळलेलं पाणी, बिनसाखरेचं पातळ ताक, हे चालतं. हातात गरम कप धरायची सवय असते, तीही भागते.

दुसरं खाणं. जागलीवर आपण गुळाचा चहा, बिस्किटं, मुरमुरे घेऊन बसतो. ऑपरेशनवाल्यानं गोड खाल्लं की ते भरकन आतड्यात उतरतं. लगेच मळमळ, धडधड, घाम येऊ शकतो. आणि काही जणांना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरते. हात थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गडी पेंगतोय. आपल्या भागात संत्र्याचा रस पाहुण्याला हौसेनं देतात, पण पेलाभर रसही हेच करतो. चार फोडी चावून खा. खरा आधार प्रोटीनचा. दिवसाला 60 ग्रॅम तरी लागतं, आणि त्यासाठी महागडी पावडरच पाहिजे असं नाही (डॉक्टरांनी सांगितली असेल तर घ्या). शंभर ग्रॅम रोहूत 16-17 ग्रॅम प्रोटीन असतं, एका अंड्यात 6 ग्रॅम. आपल्याच जाळ्यातला मासा विकून घरी बिस्किटं आणणं हे काही बरं नाही! वहिनींना विनंती, मासा कमी तेलात, कमी तिखटात शिजवून, काटा बोटानं चाचपून काढून, कुस्करून डब्यात द्या. रोहू-कतल्याचे बारीक काटे नळीसारख्या पोटाला त्रास देतात. रात्री दहाला थोडं, एकला थोडं, चारला थोडं, असं वाटून खावं.

तिसरं रक्त. लोह आणि बी-12 कमी झालं तर कितीही झोपा, थकवा जात नाही. पायऱ्या चढताना दम लागतो, हातापायाला मुंग्या येतात. ताईंमध्ये हे जास्त दिसतं, पाळीच्या रक्तस्रावामुळं. वजन उतरलं, तब्येत छान झाली म्हणून गोळ्या सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. रक्ताची तपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि पुढं दरवर्षी. सतत उलट्या होत असतील तर तपासणीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जीवनसत्त्व बी-1 संपलं तर मेंदूवर परिणाम होतो.

ज्यांना साखरेची बिमारी आहे त्यांनी आणखी एक बघावं. ऑपरेशननंतर साखर झपाट्यानं खाली येते, आणि जुन्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्याच मापानं चालू असेल तर रात्री साखर धोक्याच्या खाली जाते. माप डॉक्टरांकडून बदलून घ्या. घाम, थरथर आणि पेंग एकत्र आली तर आधी मशीनवर साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, त्या वेळी पथ्य बघू नका. सावरल्यावर अंडं किंवा मासा खा.

घोरण्याबद्दल. जाड माणसाचा झोपेत श्वास अडकतो, रात्रभर झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी तो बसल्या जागी पेंगतो. वजन उतरल्यावर हे पुष्कळ कमी होतं, पण सगळ्यांचं जात नाही. श्वासाचं मशीन दिलं असेल तर आपल्या मनानं बंद करू नका.

आता खर्रा. जागलीला जागं राहायचं म्हणजे खर्रा, हे आपल्याकडं ठरलेलं. चहा सुटला की खर्ऱ्याच्या पुड्या वाढतात. ऑपरेशनवाल्यानं तंबाखू म्हणजे जोडाच्या जागी अल्सरला बोलावणं. आणि दारू तर अशा माणसाला पूर्वीच्या मानानं कितीतरी लवकर आणि जास्त चढते. दोन घोट घेऊन डोंग्यात बसणारा आधी चालायचा असं नाही, आता तर अजिबात नाही.

राहिली खरी गोष्ट, झोप. 17 ते 19 तास सलग जागलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच वागतो. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात मंद असतं, तो निसर्गाचा नियम आहे. म्हणून जागलीच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोपूनच निघा. सकाळी घरी आल्यावर खोलीत अंधार करा, फोन बाहेर ठेवा. घरच्यांनीही त्या वेळात बाजाराचं काम सांगू नये. दिवसा झोपणारा आळशी नसतो. मधल्या वेळी 20 मिनिटांची डुलकी काढली तर पहाट सुखानं जाते. अमेरिकेच्या नासानं लांबच्या विमानांच्या वैमानिकांना पाळीपाळीनं झोपू देऊन पाहिलं, सरासरी 26 मिनिटं झोप लागली आणि पुढचं काम सुधारलं. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर मात्र उठल्यावर डोकं बधिर होतं. आणि ही डुलकी काठावर, साथीदार जागा असताना. डोंग्यात नाही.

1989 च्या मार्चमध्ये अलास्काजवळ एक्सॉन वाल्डेझ हे जहाज मध्यरात्री खडकावर चढलं, सुमारे 4 कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचा थकवा हे चौकशीत एक कारण निघालं. आता मोठ्या जहाजांवर गजराचं यंत्र असतं. पहाऱ्यावरच्या माणसानं ठरल्या मिनिटांत बटण दाबलं नाही तर घंटा होते. आपण मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दर दहा मिनिटांचा गजर लावू शकतो, खर्च काही नाही. गजर वाजला की उभं न राहता हातपाय हलवा, जोडीदाराला हाक द्या, उत्तर आलं पाहिजे.

नाववाल्यांसाठी. ऑपरेशनवाल्याला निदान सहा आठवडे ओलं जाळं ओढायला लावू नका, पोटाच्या टाक्यांवर ताण येतो. त्यानंतरही डॉक्टरांची परवानगी विचारा. रात्री एकटा कोणालाच पाठवू नका. लाइफ जॅकेट अंगात, बुडाखाली नाही. ज्यांचं ऑपरेशन ठरवायचं बाकी आहे त्यांनी डॉक्टर हो म्हणत असतील तर मासेमारीची बंदी सुरू होताना करावं. पावसाळ्यातल्या बंदीत जाळं तसंही उचलायचं नसतं. बंदीतली राखण दुसरे करतील.

जागलीची पुढची यादी लावण्याआधी ज्यांना पाळी बदलून पाहिजे त्यांनी आम्हाला फोनवर किंवा घरी येऊन सांगावं. काठावरची वजनकाट्याची आणि नोंदवहीची कामं दिवसाची आहेत, ती आधी अशा सभासदांना देऊ. कारण चारचौघांत विचारणार नाही.