धडकेनंतर ट्रक डावीकडे ओढतो

प्रश्न : दहा चाकी ट्रक हळू वेगात दुभाजकाला धडकला. बंपर बदलला, पण गाडी डावीकडे ओढते आणि स्टिअरिंग तिरकं राहतं. अलाइनमेंट पुरेल का?

उत्तर : आधी अलाइनमेंट नको. सपाट जागी चाकं सरळ करून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. डावीकडे कमी भरलं, तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल मागे सरकला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी पाटेही तपासा आणि यू-बोल्ट नवेच घाला. ताणलेला बोल्ट पुन्हा धरत नाही. माल भरून थोडं चालवल्यावर ते परत आवळून घ्या.

अंतर सारखं असेल तर ड्रॅग लिंक पाहा. ती वाकली की स्टिअरिंग तिरकं होतं. टाय रॉड वाकला तर टायर कडेनं झिजतात. किंग पिनचा खेळ आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्टही बघा.

वाकलेला रॉड गॅसवर तापवून सरळ करणारे बरेच भेटतील. कृपा करून तसं करू देऊ नका. तापवलेलं पोलाद कमकुवत होतं आणि भरल्या गाडीत, घाटात तुटू शकतं. तो भाग नवाच बसवा. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.