आईच्या उपचारासाठी मुंबईत राहायचंय, खर्च कसा आवरू?

प्रश्न : आईला परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचे आहे. महिनाभर तरी राहावे लागेल. लॉजचे भाडे परवडणार नाही. काय करावे?
– एक वाचक, येडगाव (ता. जुन्नर)

उत्तर : लॉजचा विचार आधी सोडा. पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याची अडचण मोकळेपणाने सांगा. संकोच करू नका, तो विभाग त्यासाठीच आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांची अल्प खर्चात सोय करतात. मात्र जागा लगेच मिळेलच असे नाही, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. ओळखपत्रे, आजाराची कागदपत्रे आणि मूळ रेशनकार्ड सोबत हवेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठीही ते लागते.

मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. माळशेजमार्गे जाणाऱ्या गाडीने कल्याणला उतरा, पुढे धिम्या लोकलने परळ. गर्दीची वेळ मात्र टाळा. आईच्या अंगात ताकद नसेल तर तिथे टॅक्सीचे पैसे वाचवू नका.

उपचारांच्या दोन फेऱ्यांमध्ये मोठी सुट्टी असेल, तर डॉक्टरांना विचारून येडगावला परत या. घरचे जेवण आईलाही मानवेल.